स्थावर, जंगम आणि सीताफळं

तर मंडळी, अखेर आम्ही घरात राहायला आलो! म्हणजे स्वतःच्या घरात.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. सकाळी गॅसवर दूध उतू घालवलं, दाराला झेंडूचं तोरण बांधलं आणि जेवणं उरकल्या उरकल्या मी इंटरनेटवाल्याला फोन लावला. आई म्हणाली, "अरे, आज तरी!" पण काय करणार, दुसऱ्याच दिवशी रिलीज होतं. देवाच्या आधी राउटरची प्रतिष्ठापना झाली नाही हेच नशीब. :)

घर बीडच्या कडेला आहे. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडून मी आणि बायको इकडे आई-बाबांकडे आलो. महिन्यातून चार दिवस ऑफिसात तोंड दाखवून यायचं, बाकी काम इथून. पुण्याचे मित्र म्हणाले, "लोक बीडहून पुण्याला येतात, तू उलटा कुठे चाललास?" तेव्हा हसून सोडून दिलं. पण हा जाण्या-येण्याचा प्रश्न नंतर महिनाभर डोक्यात राहिला. आजचा वीकेंड त्याच्यावर.

सुरुवात एका खोक्यापासून झाली. शिफ्टिंगची तेवीस खोकी होती. "किचन - नाजूक" असं लिहिलेल्या खोक्यात माझी इंजिनिअरिंगची जर्नल्स निघाली, आणि "पुस्तकं" लिहिलेल्यात बाबांच्या जुन्या फायली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दर काही वर्षांनी बदली, नवं गाव, नवं भाड्याचं घर. मला आठवतात तेवढी घरं सहा, आईच्या हिशोबानं नऊ. फायलीत मालमत्तेच्या विवरणपत्रांच्या कार्बन कॉप्या होत्या. दोन रकाने: स्थावर आणि जंगम. जंगममध्ये एक स्कूटर, एक फ्रीज, आईचे दागिने. स्थावरच्या रकान्यात दर वर्षी बाबांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: निरंक. निरंक. निरंक. साठी जवळ आल्यावर या माणसानं पहिल्यांदा त्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

कागद मी परत फायलीत ठेवले, पण ते दोन शब्द काही डोक्यातून जाईनात.

असो. आधी मजेच्या गोष्टी सांगतो.

नव्या घरात पहिला महिना म्हणजे सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगसारखा असतो. हॉलमधलं तिसरं बटण दाबलं की बेडरूमचा पंखा सुरू होतो, हा बग आम्हाला चौथ्या दिवशी सापडला. स्वयंपाकघरात ऊन पावणेआठला येतं, वारा दक्षिणेच्या खिडकीतून येतो, आणि गच्चीचं दार ओढून न घेता उचलून घ्यायचं असतं. पहिल्या आठवड्यात रिकाम्या खोल्यांमधून आवाज घुमायचा. जसजसं सामान लागत गेलं तसतसा तो कमी होत गेला. एके दिवशी लक्षात आलं, आई हाक मारते आणि ती साध्या हाकेसारखी ऐकू येते. घर लागलं म्हणतात ते हेच असावं.

आणि ऋतू तर शरद! आमच्याकडे शरद म्हणजे दुपारी ऑक्टोबर हीटनं डोकं तापणं आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढणं, दोन्ही एकाच दिवसात. सकाळी साडेसहाला गच्चीवर चहा घेऊन उभं राहिलं की दक्षिणेला बालाघाटाची रांग दिसते. पावसाळ्याचा हिरवा रंग अजून पुरता उतरलेला नसतो, गवताच्या टोकांना पिवळेपणा आलेला असतो. रिकाम्या रानात ज्वारीची पेरणी चाललेली असते. दिवाळी जवळ आली की दुकानांतून आकाशकंदील लटकायला लागतात. आणि मंजरसुंब्याच्या रस्त्यावर बाया पाट्या घेऊन बसतात, सीताफळांच्या.

सीताफळाबद्दल थोडं बोललंच पाहिजे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला ते फळ सरकारनं सांगायची गरज कधीच नव्हती. डोंगरउतारावर, मुरमाड जमिनीत, कुणी पाणी न घालता वाढणारं झाड. फळाचे डोळे उघडले की तोडायचं, घरी आणून गव्हाच्या डब्यात दडवायचं आणि रोज दाबून बघायचं. एक दिवस उशीर झाला तर फळ हातात फुटतं, एक दिवस घाई केली तर दगड लागतो. घाईच्या माणसानं सीताफळाच्या नादी लागू नये. मी लागतो, आणि दर वर्षी दोन-चार फळं वाया घालवतो.

दिवाळी झाली आणि कार्तिकातल्या एका रविवारी आम्ही चौघं कपिलधारला गेलो. बीडपासून वीसेक किलोमीटर. सोलापूरच्या दिशेनं निघायचं, मंजरसुंबा जवळ आलं की आत वळायचं. डोंगराच्या कुशीत दरी, दरीत मन्मथस्वामींची समाधी, आणि कड्यावरून पडणारा धबधबा. उन्हाळ्यात इथं आलात तर तुम्हाला काळा कोरडा कडा दिसेल. पण पाऊस चांगला झाला असला की शरदात इथं पाण्याचा आवाज असतो. मराठवाड्यात पाण्याचा आवाज ही काय चीज आहे ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे.

लहानपणी मी इथं यायचो ते धबधब्याखाली भिजायला. समाधी कुणाची, हा प्रश्न कधी पडलाच नाही. या वेळी पडला, आणि त्याला कारण ते दोन रकाने.

मन्मथस्वामी हे वीरशैव परंपरेतले मराठी संतकवी. काळ साधारण सोळावं-सतरावं शतक मानतात. लिंगायत परंपरेचं बरंचसं वाङ्मय कन्नड आणि संस्कृतमधलं. मन्मथस्वामींनी ते तत्त्वज्ञान मराठीत, ओवीत आणलं. त्यांच्या 'परमरहस्य' या ग्रंथाची मराठी लिंगायत घरांमध्ये आजही पारायणं होतात. पंढरपूरच्या वारकऱ्यांना जसं ज्ञानेश्वरीचं, तसं इथं परमरहस्याचं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत संतांची यादी असायची, तिच्यात हे नाव मला भेटल्याचं आठवत नाही. समाधी मात्र माझ्या घरापासून वीस किलोमीटरवर!

आता गंमत बघा. लिंगायत परंपरेत गुरू, लिंग आणि जंगम अशी त्रयी आहे. जंगम म्हणजे फिरणारा, एका जागी न थांबता गावोगाव जाऊन लोकांना शिकवणारा. आणि देव? तो इष्टलिंगाच्या रूपात गळ्यात, चांदीच्या डबीत. माणूस जाईल तिकडे त्याचा देव सोबत. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांनी जो विचार मांडला, त्यात स्थावर आणि जंगम ही जोडी अगदी मध्यावर आहे. दगडमातीच्या बांधीव देवळापेक्षा चालत्याबोलत्या माणसाला त्यांनी वरची जागा दिली. म्हणजे बाबांच्या विवरणपत्रातले ते दोन शब्द! सरकारी भाषेत स्थावर म्हणजे मोठी गोष्ट, जंगम म्हणजे स्कूटर आणि फ्रीज. बसवण्णांच्या हिशोबात नेमकं उलटं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेस्कटॉप आणि लॅपटॉपचा वाद आठशे वर्षांपूर्वी निकालात निघाला होता.

कपिलधारची मोठी यात्रा असते कार्तिक पौर्णिमेला. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून दिंड्या चालत येतात. पौर्णिमाच का? माझा अंदाज साधा आहे. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास, संन्याशांनी एका जागी मुक्काम करायचा काळ. नद्यांना पूर, वाटा चिखलाच्या, चालणार कुठून? एकादशी झाली, चातुर्मास सुटला, आणि पाचव्या दिवशी पौर्णिमा. चांदणं आहे, वाटा सुकल्यात, खरीप घरात आलंय, ओढ्याला प्यायचं पाणी आहे. चालायला वर्षातले सगळ्यात चांगले दिवस हेच.

फौजांचंही तेच गणित होतं. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणी करून राहायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघायच्या. आपण आज सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतो आणि घरी येऊन झोपतो. पण तो सण मुळात घराबाहेर पडायचा. आम्ही गृहप्रवेशाला नेमका तोच मुहूर्त धरला. ज्या दिवशी लोक निघायचे, त्या दिवशी आम्ही आत शिरलो.

हे एकदा डोक्यात बसल्यावर मला जिकडेतिकडे जंगमच दिसायला लागले. सुरुवात सीताफळापासून. नाव सीतेचं, पण बहुतेक अभ्यासकांच्या मते हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेलं. दाराचं तोरण? झेंडू मेक्सिकोचा. ठेच्यातली मिरची आणि त्यातले शेंगदाणे? तीही अमेरिका. मग निदान भाकरी तरी आपली म्हणावं तर ज्वारी आफ्रिकेतून आली, फार जुन्या काळी, हजारो वर्षांपूर्वी. म्हणजे नव्या घरात पहिल्या रात्री आम्ही भाकरी, ठेचा खाल्ला आणि वर सीताफळ, या अगदी अस्सल देशी जेवणातलं जवळपास सगळं कुठून तरी इथं राहायला आलेलं होतं! बाकीचं जाऊ द्या, सीताफळानं तर बालाघाटाच्या खडकात असं बस्तान बसवलं की सरकारनं त्याला इथलं म्हणून कागद दिला. बाबांना घराचा कागद मिळायला साठी गाठावी लागली, सीताफळाला चारेकशे वर्षं लागली. सरकारी कामं, वेळ लागतोच.

परतताना खजाना विहिरीपाशी थांबलो. बीडच्या जरा अलीकडे, सोलापूर रस्त्याच्या बाजूला. अहमदनगरच्या निजामशाहीत, १५८२ च्या सुमारास सलाबतखानानं ही बांधली. साधारण मन्मथस्वामींचाच काळ. वरून बघितलं तर एक मोठी गोल विहीर. पण खरी करामत जमिनीखाली आहे. भुयारातून पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या भुयारातून, नुसत्या उतारावर, खालच्या शेतांकडे जातं. मोट नाही, पंप नाही. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी या जमिनीचा उतार इतका अचूक मोजला होता. आमच्या नव्या घरात प्लंबरला बाथरूमचा उतार नळीकडे काढता आला नाही, पाणी दाराकडे येतं. असो, असो.

पण या विहिरीनं मला एक गोष्ट नीट समजावली. इथं राहायचं ठरवलं तर पाणी अडवायला, वळवायला लागतं. आमच्या जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरात पडतो. खाली काळा बसाल्ट, पाणी धरून ठेवायला नाखूष. म्हणून शरदातले दोन महिने सगळं भरलेलं आणि पुढे उतरती कळा. १९७२ चा दुष्काळ आजीच्या बोलण्यात रोज असायचा. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तर मी स्वतः टीव्हीवर बघितलंय. आणि उलटंही होतं. २०२५ च्या सप्टेंबरात इतका पाऊस झाला की सिंदफणा, मांजरा पात्राबाहेर आल्या, उभी पिकं आणि जमिनीची माती वाहून गेली. आमच्या घरासमोरचा रस्ता आठवडाभर चिखलात होता आणि आम्ही त्यावर कुरकुरत होतो. पंधरा किलोमीटरवर लोकांचं वर्ष गेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल इतिहासाचा लेख म्हणाला होतास, राजेरजवाडे कुठायत? घ्या. मराठवाड्याच्या इतिहासातल्या मोठ्या तारखा काढून बघा, गंमत वाटेल. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या वर्षीची दिवाळी नेमकी त्याच दिवसांत होती. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, दोन-तीन पिढ्यांनी वाट बघितल्यावर, बीड शहरात अहिल्यानगरहून प्रवासी रेल्वे सुरू झाली. सगळं पावसाच्या शेवटाला नाहीतर शरदात. म्हणजे आमचा अख्खा प्रदेशच या दिवसांत एका घरातून दुसऱ्या घरात गेलाय.

बाबांच्या फायलीत आजोबांच्या शेताचे जुने कागद आहेत, ते उर्दूत. १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक आहे. आजोबा एकाच गावात, एकाच वाड्यात जन्मले आणि वारले, पण त्यांचं राज्य तीनदा बदललं. निजामाचं हैदराबाद, मग भारतातलं हैदराबाद, मग मुंबई, आणि १९६० ला महाराष्ट्र. तीनदा बरं, आणि माणूस जागचा हलला नाही! बाबा मात्र एकाच राज्यात नऊ घरं फिरले.

पण या तारखांना नुसतं तोरण बांधून चालत नाही. १९४८ च्या पूर्वार्धात रझाकारांच्या भीतीनं कितीतरी कुटुंबं घरं टाकून संस्थानाच्या हद्दीबाहेर गेली होती. सप्टेंबरनंतर ती परत आली. आणि त्याच शरदात मराठवाड्यातल्या कितीतरी मुसलमान कुटुंबांची घरं आणि माणसं गेली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्या वर्षाच्या शेवटी जिल्ह्याजिल्ह्यात फिरून त्याचा अहवाल दिला, तो पुढे कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. एकाच महिन्यात एकाची दिवाळी आणि दुसऱ्याचं दार कायमचं बंद. आजी एवढंच म्हणायची, "लई वाईट दिवस व्हते बाबा." कुणाचे, ते आम्ही कधी विचारलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

आमचं घर बांधून व्हायला दीड वर्ष लागलं. बांधकाम चालू असताना प्लॉटवर पत्र्याची एक खोली होती. तिच्यात पाटोदा तालुक्यातलं एक जोडपं आणि त्यांची मुलगी राहायची. स्लॅबला, भिंतींना पाणी मारायचं, रात्री सिमेंट-लोखंडाची राखण करायची, दिवसा गवंड्याच्या हाताखाली. मुलगी तिसरीत. बाबांनी तिचं नाव जवळच्या शाळेत घालून दिलं, संध्याकाळी स्वतः अभ्यास घ्यायचे. बाबांना काय, शिकवायला कुणीतरी लागतंच. ताई पहाटे चूल पेटवायच्या तेव्हा या घरात पहिला धूर त्यांच्या स्वयंपाकाचा झाला. आम्ही दूध उतू घालवलं ते फार नंतर.

दसऱ्याला आम्ही आलो आणि दिवाळी झाल्यावर ते निघाले. ऊसतोडीला. आईनं विचारलं, "अहो, मग इथलं काम बघितलं असतं की गावात, बांधकामं काय कमी आहेत?" ताई म्हणाल्या, "उचल घेतलीया काकू मुकादमाकडून. जावंच लागतं. पट्टा पडला की येताव परत."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मुकादम कारखान्यासाठी मजुरांच्या टोळ्या जमवतो. उचल म्हणजे त्यानं पावसाळ्यातच दिलेली आगाऊ रक्कम. ती घरखर्चात, आजारपणात, लग्नात कधीच संपलेली असते, आणि मग हंगामभर ऊस तोडून फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात एक कोयता. माणूस मोजायचं एकक म्हणजे अवजार. ऑफिसात आम्हाला 'रिसोर्स' म्हणतात त्याचा मला राग यायचा, आता जरा कमी येतो. कारखान्याचा हंगाम संपला की म्हणायचं पट्टा पडला. मधले पाच-सहा महिने फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहायचं.

बीड जिल्ह्यातून असे लाखो लोक दर वर्षी जातात. का जातात, याचा इतिहास परत पाण्याचाच. तिकडे नगरच्या प्रवरेवर १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, कालव्यांवर ऊस उभा राहिला. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव धुराडी आली. ऊस तोडायला माणसं हवी होती, आणि बालाघाटावर एका पिकावर जगणारी, दिवाळीनंतर हाताला काम नसलेली माणसं होती. १९७२ च्या दुष्काळानं हा रस्ता आणखी रुंद केला. पाणी इकडे येईना, म्हणून माणसं पाण्याकडे गेली. खजाना विहिरीचा उतार उलटा झाला म्हणायचं.

म्हणजे बघा, वर्षातले चार चांगले दिवस येतात, धबधबा वाहत असतो, सीताफळं पिकतात, थंडी पडायला लागते, आणि नेमके तेव्हाच इथले लोक दाराला कुलूप लावून निघतात. घरात राहायचा ऋतू आणि घर सोडायचा ऋतू एकच. परत येतात तेव्हा मार्च-एप्रिल असतो. कडा कोरडा, विहिरी तळाला. स्वतःच्या गावचा शरद पुरता बघितलेला नाही अशी हजारो माणसं या जिल्ह्यात असतील. मी ज्याला साध्या रोजच्या मजा म्हणतो, पहाटेचा चहा, गव्हाच्या डब्यातलं फळ, खिडकीतलं ऊन, त्या एका जागी राहायला मिळालेल्या माणसाच्या मजा आहेत. बाबांना त्या निवृत्तीनंतर मिळाल्या. मला फुकटात मिळाल्या, कारण माझं काम वायरीतून येतं.

मुलीचं काय करायचं यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. कारखान्यावर साखरशाळा असतात, पण सगळीकडे नसतात आणि असल्या तरी पोरं धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात. जिल्ह्यात हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आई-बाप तोडीला गेले तरी मुलांनी गावात राहून शिकावं म्हणून. आई म्हणाली, "राहू दे की आपल्याकडेच." ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, तुमचं बरोबर हाय. पन पोरगी माझ्याजवळ नसली तर मला फडात झोप लागायची न्हाई." यावर आईकडे उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की ती गावी आजीकडे राहील, तिथल्या शाळेत जाईल. बाबांनी तिला नव्या वह्या दिल्या आणि मुख्याध्यापकांना फोन करून ठेवला. मार्चपर्यंत ती शाळेत टिकली तर बाबा जिंकले. आजी आजारी पडली तर ती फडात, बाकी सगळं कागदावर. बाबांनी आयुष्यभर हजेरीपटावर असले दिवाळीनंतरचे रिकामे चौकोन बघितलेत, त्यामुळे ते फार काही बोलले नाहीत.

ते निघाले त्याच आठवड्यात मी मंजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबलो होतो. कार्तिक पौर्णिमा जवळ आलेली, त्यामुळे कपिलधारकडे दिंड्या चाललेल्या. पताका, टाळ, डोक्यावर बोचकी, पायाला फडकी बांधलेल्या म्हाताऱ्या. आणि त्याच चौकातून नगर-सोलापूरच्या दिशेनं ट्रक आणि ट्रॅक्टर. वर बाजलं, चुलीचे पत्रे, ज्वारीची पोती, पाण्याचा ड्रम, दोन शेळ्या, आणि या सगळ्याच्या मध्ये बसलेली माणसं. एका ट्रकात एका बाईनं मांडीवर तुळशीचं डबडं धरलं होतं. दिंडीतल्या एका आजीनं चालता चालता वर बघून हात जोडले. तिनं ट्रकला जोडले की तुळशीला, कुणास ठाऊक. ट्रकातल्या बाईनंही जोडले.

दोन्हीकडचे जंगमच. एक पौर्णिमा करून घरी परतणार, दुसरे पट्टा पडल्यावर. मी तिसरा, चहाचा ग्लास हातात धरून, खिशात नव्या घराची किल्ली.

हल्ली ऊस तोडायची मशीन आलीत, आणखी येतील. माझ्यातला इंजिनिअर म्हणतो छान झालं, पाठ मोडणारं काम यंत्रानं करावं. पण मग लगेच प्रश्न येतो, उचल नाही, तोड नाही, तर पावसाळ्यानंतर ताई इथं काय करतील? त्यांना इथं राहता येईल असं काही आपण बांधलंय का? सलाबतखानानं निदान एक विहीर बांधली होती. माझ्याकडे उत्तर नाही, आणि वीकेंडला ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाकडे ते असावं अशी अपेक्षाही नसावी. पण घर लावता लावता हा प्रश्न सामानातच निघाला, म्हणून इथं मांडला.

पत्र्याची खोली अजून प्लॉटच्या कोपऱ्यात आहे. कंत्राटदार दोनदा विचारून गेला, पत्रे काढून नेऊ का म्हणून. बाबांनी सांगितलं, राहू द्या एप्रिलपर्यंत. आतल्या भिंतीवर पोरीनं खडूनं बाराखडी लिहिलीय, 'ज्ञ' पर्यंत पोचायच्या आत जागा संपली.

चला, पुरे. उद्या सोमवार, साडेनऊला स्टँडअप आहे. गव्हाच्या डब्यात तीन सीताफळं आहेत, त्यातलं एक आज नक्की झालं असणार. या वेळी वेळेवर दाबून बघतो.